घेणाऱ्यालाही धाकधूक असते: सोलापुरात पहिल्या मुलाखतीला निघण्यापूर्वी

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात ऑफिस सांभाळतो. आमच्याएवढ्या कारखान्यात एचआरचा वेगळा माणूस नसतो. बँक, बिलं, पगारपत्रक आणि मुलाखती, सगळं एकाच टेबलावर येतं. या टेबलामागे बसून सोळा वर्षं झाली. त्याआधी टेबलाच्या पुढच्या खुर्चीवर बसून मीही पुष्कळ माती खाल्ली आहे, त्यातली एक गोष्ट पुढे येईलच.

या बाजूला बसल्यावर एक गोष्ट कळली. मुलाखतीत धाकधूक फक्त उमेदवाराला नसते. माणूस घेतला, तीन महिने शिकवला आणि चौथ्या महिन्यात तो न सांगता गायब झाला, की मालक मलाच विचारतात, "कुणाला आणून बसवलं होतं?" त्यामुळे समोरच्याची हुशारी मी नंतर बघतो. आधी दोन शंका मनात असतात: हा रोज वेळेवर येईल का, आणि काम बिघडलं तर मला येऊन सांगेल का, की लपवेल? मुलाखतीत माणसं ज्या चुका करतात, त्यातल्या बहुतेक या दोन शंकांना खतपाणी घालतात. चुकीचा टाय किंवा अडखळत इंग्रजी यानं फारसं बिघडत नाही.

माझे आजोबा मिलमध्ये बदली कामगार होते. पहाटे गेटवर उभं राहायचं, मुकादम बोट दाखवेल तो आत. तीच मुलाखत. आता तसं नाही, म्हणून हे लिहिणं. डिस्पॅच, अकाउंट्स, क्वालिटी, मर्चंडायझिंग (गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी सांभाळणं), स्टोअर, सुपरवायझर, हॉस्पिटलचा किंवा शोरूमचा काउंटर अशा पहिल्यावहिल्या नोकरीसाठी निघालेल्यांना हे उपयोगी पडेल. पुण्याला जाणाऱ्यांसाठीही मध्ये थोडं आहे.

पायरी १: फोन

आम्ही दहा जणांना फोन करतो. निम्म्यांचं उत्तर असतं, "कोण? कुठली कंपनी? हां हां, अर्ज केला असेल मी." असेल! ज्याला आपण कुठे अर्ज टाकलाय हे आठवत नाही, त्याला आमची गरज आहे असं कसं धरायचं? चाळीस ठिकाणी अर्ज करा, त्यात काही गैर नाही. फक्त वहीत किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये कंपनी, पद आणि तारीख लिहून ठेवा. अनोळखी नंबर आला की उचलायच्या आधी ती यादी उघडायला दोन सेकंद लागतात.

गाडीवर असाल, बाजारात असाल, तर तसं सांगा: "सर, रस्त्यावर आहे, दहा मिनिटांत मी फोन करतो." आणि दहा मिनिटांत खरंच करा. फोनवर चार गोष्टी विचारून घ्या: भेटायचं कुणाला, पत्ता नेमका कुठला, सोबत काय आणायचं, आणि काही लेखी परीक्षा आहे का. पत्त्याचं मुद्दाम सांगतो. सोलापुरात नुसतं "एमआयडीसी" म्हणून भागत नाही. अक्कलकोट रोड वेगळी, होटगी रोड वेगळी आणि चिंचोळी तर शहराबाहेर पुणे रस्त्याला. चुकीच्या एमआयडीसीत जाऊन "सर, मी पोचलो, गेट कुठंय?" असं विचारणारे दर वर्षी एक-दोन निघतात.

पायरी २: बायोडाटा, आणि त्यातली खोटी ओळ

नेट कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात दोन पानांचा तयार नमुना मिळतो. नाव बदलायचं, फोटो चिकटवायचा. त्यामुळे माझ्या टेबलावर एकाच दिवशी सात जणांचा छंद "गाणी ऐकणे व क्रिकेट खेळणे" असतो आणि सातही जण "मेहनती, प्रामाणिक व टीममध्ये काम करणारे" असतात. त्याचं मला काही वाटत नाही, तो भाग मी वाचतच नाही. एकाच्या बायोडाटात मात्र तळाला "ठिकाण: लातूर" असं राहून गेलं होतं. कुणाचा तरी जुना कागद. ते मात्र नजरेत भरतं.

एक पान पुरतं. नाव, मोबाइल, साधा ईमेल (कॉलेजच्या पहिल्या वर्षी काढलेला "कूल रॉकी" छाप नको), शिक्षण, केलेलं काम आणि येणारं काम. पदवी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाची असेल तर नाव पूर्ण आणि बरोबर लिहा. स्वतःच्या विद्यापीठाचं नाव चुकलेला बायोडाटा बघून मला कसंसंच होतं. सुट्टीत काकांच्या किराणा दुकानात बसला असाल तर ते लिहा. बरेच जण लाजून लिहीत नाहीत. अहो, दोन महिने गल्ला सांभाळलेला पोरगा मला कोऱ्या पदवीपेक्षा जवळचा वाटतो. घरी माग असतील, आई बिड्या वळत असेल आणि तिचा हिशोब तुम्ही ठेवत असाल, तर तेही कामच आहे.

आता खोटी ओळ. ती जवळजवळ नेहमी एक्सेलबद्दल असते. "एमएस ऑफिस: उत्तम." मी वाद घालत नाही. लॅपटॉप पुढे सरकवतो. त्यात डिस्पॅचचं एक जुनं रजिस्टर आहे, पार्टीची नावं बदललेली: तारीख, पार्टी, गाठी, वजन. सांगतो, "प्रत्येक पार्टीला मार्चमध्ये किती गाठी गेल्या, काढून दाखवा."

एकदा "उत्तम"वाला एक मुलगा बसला. माउस हलवला, फाइल वर-खाली केली, एक कॉलम रुंद केला, पुन्हा अरुंद केला. चार मिनिटांनी म्हणाला, "सर, या लॅपटॉपचं व्हर्जन वेगळं आहे." त्याच दिवशी दुपारी एक मुलगी आली. तिनं लिहिलं होतं, "एक्सेल: बेरीज, फिल्टर येतं, पिव्होट टेबल शिकते आहे." तिनं पार्टीच्या नावावर सॉर्ट केलं, एकेका पार्टीला फिल्टर लावला, खाली बेरीज बघितली आणि वहीत लिहून घेतली. अकरा मिनिटं लागली. मग म्हणाली, "सर, एका पार्टीचं नाव दोन प्रकारे लिहिलंय, स्पेलिंग वेगळं आहे. ते एक धरू की दोन?" तो घोळ रजिस्टरात खरंच होता आणि तोवर माझ्याही लक्षात आला नव्हता.

येत नसेल ते "येत नाही" म्हणा आणि किती दिवसांत शिकाल ते सांगा. जे लिहिलंय ते घरी एकदा कुणाला तरी करून दाखवा. एवढीच तयारी.

माझीही फजिती इथलीच. पहिल्या एका मुलाखतीत अर्जावर भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी लिहिलं आणि शोभेला "कन्नड" टाकलं. सोलापुरात राहून चार शब्द कानावर असतातच. घेणारे गृहस्थ अक्कलकोट तालुक्यातले निघाले. त्यांनी सहज विचारलं, "ऊटा आयतेन री?" जेवण झालं का, एवढं मला कळत होतं. मी ऐटीत म्हटलं, "आयत री." त्यांचा चेहरा खुलला. पुढचा प्रश्न आला, "निम्मूर यावद्री?" तुमचं गाव कुठलं. मला वाटलं चहाचं विचारतायत. मी पुन्हा म्हटलं, "आयत री." गाव झालं! ते हसले, पाणी प्यायले आणि उरलेली मुलाखत पाच मिनिटांत आटोपली. नोकरी मिळाली नाही, आणि न देण्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. भाषेत "बोलता येत नाही, थोडं समजतं" असं लिहायची सोय असते. पूर्व भागातल्या, म्हणजे शहराच्या तेलुगू विणकर वस्तीतल्या, मुलांनी मात्र तेलुगू येत असेल तर ठळक लिहावं, बरेच जण विसरतात. कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलणारा सुपरवायझर कुणाला नको असतो?

पायरी ३: कंपनी काय करते ते बघून या

"आमच्याबद्दल काय माहीत आहे?" यावर "तुमची कंपनी नावाजलेली आहे" हे उत्तर दिलंत, की तुम्ही काहीच बघितलं नाही हे कळतं. आम्ही नावाजलेले नाही, आम्हाला माहीत आहे.

अर्धा तास द्या. वेबसाइट असेल तर ती, नसेल तर गुगल मॅपवरचे फोटो बघा. माल काय, जातो कुठे, गिऱ्हाईक कोण. टॉवेलच्या धंद्यात येताय तर जीएसएम म्हणजे काय हे वाचून या: एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. त्यावरून टॉवेल जाड की पातळ ते ठरतं. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, हे इथल्या माणसाला तरी ठाऊक हवं. फाउंड्रीत किंवा मशिनिंगमध्ये जात असाल तर ते कुठल्या गाडीचा कुठला भाग बनवतात ते बघा. युनिफॉर्मच्या कारखान्यात जात असाल तर हंगाम कधीचा, एवढं तरी. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणजे घाई कधी असणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

एक मुलगा मर्चंडायझरच्या जागेसाठी आला होता. त्यानं नवी पेठेतल्या दुकानातून आमचाच हात पुसायचा नॅपकिन विकत घेतला होता, लेबल बघून. तो पिशवीतून काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सर, दोनदा धुतला. इथं कडेची शिलाई उसवली." नॅपकिन खरंच उसवला होता. मालक खोलीत होते. मला वाटलं, संपलं याचं. मालकांनी नॅपकिन हातात घेतला, उलटा केला, बोटानं शिलाई ताणली आणि शिलाई विभागाच्या सुपरवायझरला बोलावून घेतलं. मुलाला विचारलं, "पाणी गरम होतं की गार?" मुलगा म्हणाला, "गार. गरम नाही वापरलं." तो आज आमच्याकडे आहे.

प्रत्येकानं तक्रार घेऊनच यावं असं नाही. वस्तू हातात धरून बघितलेला माणूस वेगळा बोलतो, इतकंच.

पायरी ४: आदला दिवस आणि वाट

कपडे: स्वच्छ, इस्त्रीचे, बिनभडक. बूट असतील तर बूट, नसतील तर पुसलेली चप्पल चालते, आमच्याकडे तरी. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना कुणी ब्लेझर घालून येतं आणि घामानं निथळत बसतं, त्याची मला कीव येते. वीस मिनिटं आधी पोचा, नळावर तोंड धुवा, पाणी प्या, मग आत या. तोंडात मावा असेल तर तो गेटच्या बराच अलीकडे थुंका आणि चूळ भरा. वास खोलीभर पसरतो आणि तुम्हाला तो येत नाही.

फाइलमध्ये बायोडाटाच्या दोन प्रती, मार्कशीटच्या झेरॉक्स, आधार, पॅन आणि चालणारं पेन.

वडिलांना सोबत आणू नका. गेटपर्यंत सोडायला आले तर हरकत नाही, आमच्या भागात संध्याकाळी रिक्षा मिळत नाही हे मला कळतं. पण ते आत येऊन "आमचा पोरगा शांत आहे, सांभाळून घ्या" म्हणायला लागले की पोरगा खुर्चीत आणखी शांत होतो.

वॉचमन, टेलिफोनवरची मुलगी आणि चहा आणणारा यांच्याशी कसं बोललात हे मला कळतं. मी हेरगिरी करत नाही, ते आपणहून सांगतात. "तो मगाचा आलेला ना, लई गुर्मीत होता," एवढं पुरेसं असतं.

पुण्याच्या मुलाखतीसाठी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसचा भरवसा सगळेच धरतात. सोलापूर ते पुणे सुमारे चार तास, हे ठीक. पण मुलाखत हिंजवडीत अकराला असेल तर पुणे स्टेशनवरून पुढे वीसेक किलोमीटर आणि पुण्याची वाहतूक उरतेच. गाडी वेळेवर आली तरी तुम्ही वेळेवर पोचाल याची खात्री नाही. एक तर आदल्या रात्री जाऊन कुणाकडे तरी मुक्काम करा, नाहीतर फोनवरच सांगा: "मी सोलापुरातून येतोय, दुपारची वेळ मिळेल का?" नव्वद टक्के वेळा मिळते, पण दहातला एक जण विचारतो.

ऑनलाइन मुलाखत असेल तर खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नको. पाठ केली की चेहरा काळा दिसतो. मोबाइल हातात धरू नका, पुस्तकांना टेकवून ठेवा. आवाजाचं काय करायचं ते एका मुलाकडून शिकलो. पूर्व भागातलं घर, शेजारी यंत्रमाग. जोडला गेल्याबरोबर तो म्हणाला, "सर, शेजारी माग चालू आहेत, खडखड येईल. मी बोलत नसेन तेव्हा माइक बंद ठेवतो." बस. पुढचा अर्धा तास मला ती खडखड ऐकूच आली नाही. आणि माझी दुसरी शंका, अडचण आधी सांगेल का ही, त्याच्या पहिल्याच वाक्यात मिटली होती.

पायरी ५: "तुमच्याबद्दल सांगा"

इथं बहुतेक जण बायोडाटा वाचून दाखवतात: नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, दहावी, बारावी, टक्के. तो कागद माझ्या हातातच असतो. दीड मिनिटात तीन गोष्टी सांगा: काय शिकलात, हातानं काय केलंय, आणि या जागेवर का यावंसं वाटलं. उदाहरणार्थ: "बी.कॉम. झालंय. शेवटच्या वर्षी एका करसल्लागाराकडे चार महिने टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी केल्या. कारखान्याचे हिशोब जवळून बघायचेत, म्हणून इथं अर्ज केला." संपलं. मग गप्प बसा. पुढचं मी विचारतो.

भाषेची भीती घालवायला एक वाक्य पाठ करून ठेवा: "मराठीत बोललं तर चालेल का?" कामात इंग्रजी मेल लिहायचे असतील तर मी म्हणेन, चार वाक्यं इंग्रजीत बोला, तेवढी तयार ठेवा. पाठ केलेलं इंग्रजी तिसऱ्या वाक्याला अडकतं आणि मग माणूस त्याच वाक्याच्या सुरुवातीला परत जातो, कॅसेटसारखा. उलट टोकही बघितलंय. एक पठ्ठ्या इतका मोकळा झाला की माझ्या प्रश्नावर म्हणाला, "नाय बे, तसं काय नसतंय." मी हसलो, तोही हसला, पण टेबलाच्या कडेला बसलेले मालक हसले नाहीत.

प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. उत्तर येत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. फक्त सलग चार वेळा "माहीत नाही" आलं तर पाचव्याला "पण मी असं करून बघेन" एवढं जोडा.

पायरी ६: "पुण्याला जाणार का?"

सोलापुरात हा प्रश्न येणारच. वेगवेगळ्या वेषात येतो: "पाच वर्षांनी कुठे असाल?", "घरी कोण कोण आहे?", "भाऊ काय करतो?" मूळ प्रश्न एकच: शिकून झालं की पळणार का? आमच्या धाकधुकीचं हे मूळ आहे. या गावातली पोरं शिकतात आणि रेल्वेत बसतात. माझा स्वतःचा मुलगा पिंपरीत आहे, त्यामुळे मी कुणाला दोष देत नाही.

यावर तीन चुकीची उत्तरं रोज ऐकतो.

पहिलं: "नाही सर, मी आयुष्यभर इथंच." बावीसाव्या वर्षी आयुष्यभराचं कुणी बोलू नये. पटत नाही.

दुसरं: "आत्ता काही मिळत नाही म्हणून इथं बघतोय." हे खरं असतं, आणि तरी सांगायची पद्धत चुकते. आमच्या कामाला "तोपर्यंत काहीतरी" म्हटल्यावर तुमच्यावर तीन महिने कोण घालवणार? स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचंही तेच. एमपीएससीचा अभ्यास करताय हे लपवू नका, ते कळतंच. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात आजी वारते. माझ्याकडे एका मुलाची आजी दोनदा वारली.

तिसरं: नुसतं हसणं.

चालणारं उत्तर कसं असतं? एका मुलानं दिलं होतं, ते जवळजवळ तसंच लिहितो. "सर, पुढे पुण्याला जाईन की नाही, आत्ता सांगता येत नाही. पण बहीण बारावीला आहे, तिचं होईपर्यंत दोन वर्षं मी घर सोडू शकत नाही. ती दोन वर्षं नीट काम करेन, आणि जायचं झालं तर एक महिना आधी सांगेन." बघा, यात आकडा आहे, कारण आहे आणि नोटिशीचं वचन आहे. मला आयुष्यभराचा शब्द नकोच होता. दोन वर्षांचा हिशोब मालकाला देता येतो. अभ्यास करणाऱ्यांनीही असंच सांगावं: परीक्षा कधी, रजा किती लागेल, बाकीच्या दिवसांत कामाला अडचण नाही.

मुलींना इथं वेगळा प्रश्न येतो: "लग्न ठरलंय का?" मी तो विचारत नाही, कुणी विचारू नये, पण गावात विचारतात. चिडायचा तुमचा हक्क आहे. नोकरी हवी असेल तर प्रश्न कामाकडे वळवा: "कामाच्या वेळा मला जमतील, आणि काही बदललं तर आधी कळवेन." त्यावरही कुणी तेच उकरत राहिलं, तर तिथं पुढे दिवस कसे जातील याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल.

पायरी ७: मागची नोकरी

मागच्या मालकाला शिव्या घालू नका, मग तो कितीही नालायक असो. सोलापूर लहान आहे. त्या मालकाचा भाचा आमच्याकडे असू शकतो. पगार वेळेवर होत नव्हता हे खरं असेल तर एवढंच म्हणा: "पगाराची तारीख पक्की नव्हती, म्हणून सोडलं." त्यापुढे मी खोदलं तरी पुढे जाऊ नका.

वशिल्याचंही इथंच सांगतो. मुलाखतीच्या आदल्या रात्री कुणाचा तरी फोन येतो, "आपलाच पोरगा आहे, बघा जरा." त्यानं माझी धाकधूक वाढते. उद्या हा कामाला आला नाही तर मी याला बोलू शकेन का, हा विचार आधी येतो. ओळख असेल तर ती जागा रिकामी आहे हे कळण्यापुरती वापरा.

आणि नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस भेटला, "डिपॉझिट", "युनिफॉर्मचे", "फाइल चार्ज", काहीही नाव असो, तर तिथून उठा. नोकरी देणारा पैसे घेत नाही, देतो.

पायरी ८: पगार

"तुम्ही द्याल तो" हे उत्तर नम्र वाटतं, पण त्यातून मला वाटतं, याला बाजार माहीत नाही किंवा हा पहिल्याच महिन्यात कुरकुरणार. चार ओळखीच्यांना विचारून एक आकडा ठरवून या आणि तो थेट सांगा. आकडा सांगताना मान खाली घालायचं कारण नाही.

ठोक आणि हातात येणारा यातला फरक समजून घ्या. भांडणं इथंच होतात. समजा पत्रावर महिन्याचा एकूण पगार १८,००० आहे आणि त्यात बेसिक १२,०००. बेसिकवर १२ टक्के पीएफ (भविष्य निर्वाह निधी) म्हणजे १,४४० कापला जातो. एकूण पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं, कामगाराचा हिस्सा ०.७५ टक्के, म्हणजे १३५. व्यवसाय कर महिन्याला २०० (फेब्रुवारीत ३००; २५,००० पर्यंत पगार असणाऱ्या महिलांना महाराष्ट्रात तो माफ). हातात १६,२२५. कुणी "सीटीसी" (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) म्हणून वर्षाचा आकडा सांगितला तर त्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही (नोकरीच्या शेवटी मिळणारी रक्कम) धरलेली असते, म्हणून त्याला बारानं भागून स्वप्नं बघू नका. सरळ विचारा: "दर महिन्याला खात्यात किती येतील?" या प्रश्नानं कुणी नाराज होत नाही. नाराज झालाच, तर बरं झालं, आधीच कळलं.

पहिल्या पाच मिनिटांत मात्र पगार आणि सुट्ट्या काढू नका. गड्ड्याच्या जत्रेला (आमची सिद्धेश्वराची यात्रा) किती दिवस सुट्टी मिळते, हा एकाचा पहिला प्रश्न होता. संक्रांतीला आम्हीही जत्रेत असतो हो, पण आधी काम तर कळू दे.

पायरी ९: तुमचे प्रश्न

"काही विचारायचंय?" यावर "नाही" म्हणू नका. पहिल्या महिन्यात मला काय शिकवाल, रिपोर्ट कुणाला करायचं, ही जागा रिकामी का झाली. तिसरा प्रश्न विचारणारा विरळा. मला तो आवडतो, जरी उत्तर देताना कधी कधी घसा खाकरावा लागतो.

पायरी १०: नंतर

संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज पाठवा, धन्यवादाचा. गुड मॉर्निंगची फुलं नकोत. आम्ही सांगितलेली तारीख उलटून दोन दिवस झाले की एक फोन करा. दिवसाला तीन नको.

रुजू होताना मूळ मार्कशीट दाखवा, झेरॉक्स द्या आणि मूळ प्रत परत घ्या. ती कंपनीत ठेवून घ्यायचं काही कारण नसतं.

आणि सर्वांत वाईट चूक, जी मुलाखत संपल्यावर होते: "सोमवारी येतो" म्हणून न येणं आणि फोन बंद करून ठेवणं. दुसरीकडे जास्त मिळालं, समजतं. पण कळवा. एक्सेलमधलं चुकलेलं स्पेलिंग दाखवणारी ती मुलगी, तिला आम्ही पत्र दिलं होतं. शनिवारी तिचा फोन आला, आवाज कापत होता: "सर, मला पुण्यात मिळालंय, मी येत नाही. माफ करा." मी जरा फणकाऱ्यानंच फोन ठेवला. पण नंबर ठेवून दिला. दीड वर्षानं वडिलांच्या आजारपणामुळे ती परत आली, तिनंच फोन केला, आणि मी पुन्हा मुलाखत घेतली नाही.

आता ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. उमेदवारांना पहिला फोन तीच करते, आणि कोण कसं बोललं ते बायोडाटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवते.